घन आणि अष्टफलकाच्या सममिती: ३३ वरून २४ वर आणि मग ४८ वर कसं यायचं

एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातल्या तोंडी परीक्षेत मला प्रश्न आला होता: "घन उचलून फिरवला आणि परत त्याच जागी तसाच दिसेल असा ठेवला, तर हे किती प्रकारे करता येईल?" मी मनातल्या मनात अक्ष मोजले आणि ३३ असं ठणकावून सांगितलं. सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सहाने भाग जातो का बघा." त्या वाक्याचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले, आणि लागला तोही पुस्तकातून नाही, तर सापशिडीच्या फाशातून.

ग्रुप थिअरी शिकताना घन आणि अष्टफलक कधीतरी समोर येतातच, मग तुम्ही गणिताचे असा, रसायनशास्त्राचे असा की स्फटिकं अभ्यासणारे. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. फळ्यावरची आकृती सपाट असते आणि अक्ष डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून माणूस संख्या पाठ करायला लागतो. ते टाळण्यासाठी मी ज्या क्रमाने शिकायला हवं होतं तो क्रम इथे देतोय. दोन संध्याकाळी पुरतात.

शब्दांचं आधीच सांगून ठेवतो. पृष्ठ, कड, शिरोबिंदू हे शाळेतलेच. ग्रुपला मराठीत गट म्हणतात: कुठल्याही दोन क्रिया एकापाठोपाठ केल्या किंवा एखादी उलटी केली तरी त्यातलीच क्रिया मिळते, असा क्रियांचा संच. वर्गात तसं कुणी म्हणत नाही, त्यामुळे माझ्याकडून दोन्ही येतील. आठ समभुज त्रिकोणांनी बनलेली, दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवल्यासारखी वस्तू म्हणजे अष्टफलक.

## १. आधी सामान गोळा करा

- सापशिडीचे किंवा ल्युडोचे दोन फासे, शक्यतो वेगवेगळ्या संचांतले
- पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा एक कोरा घन, मुठीत मावेल एवढा
- चार रंगांच्या टिकल्या, प्रत्येक रंगाच्या किमान दोन
- एकसारख्या लांबीच्या २४ टूथपिक
- पुरीसाठी मळतात तशी घट्ट कणीक, लिंबाएवढी
- एक छोटा आरसा
- वही, आणि खोडरबर (लागेलच)

कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या करा. १२ टूथपिक आणि ६ गोळ्यांतून अष्टफलक बांधा, उरलेल्या १२ टूथपिक आणि ८ गोळ्यांतून घन. घनाचा सांगाडा लडबडेल, एका बाजूला कलेल. अष्टफलक मात्र ताठ उभा राहील, कारण त्याची प्रत्येक बाजू त्रिकोण आहे आणि त्रिकोण मोडल्याशिवाय वाकत नाही. कडा दोघांनाही बाराच. हा योगायोग नाही, पुढे कळेल.

फाशाबद्दल एक सावधानी. फाशावरचे ठिपके ही फक्त नावं समजा. २, ३ आणि ६ यांचे ठिपके ९० अंशांत फिरवले की वेगळे दिसतात, त्यामुळे "फासा तसाच दिसतो का?" असं विचारलंत तर उत्तर चुकेल. विचारायचं ते कोऱ्या घनाबद्दल. फासा हवा तो कोण कुठे गेलं याची नोंद ठेवायला.

## २. काय मोजतोय ते ठरवा

घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. कोरा घन टेबलावर ठेवा आणि त्यांना डोळे मिटायला सांगा. तुम्ही घन उचलून कसाही फिरवा आणि परत त्याच चौकोनात ठेवा. डोळे उघडल्यावर त्यांना काही बदललंय हे ओळखता आलं नाही, तर तुम्ही केलेली क्रिया ही घनाची एक सममिती.

आता मुख्य मुद्दा. मोजायची असते ती शेवटची अवस्था, वाट नव्हे. उजवीकडे १८० अंश फिरवा किंवा डावीकडे, फासा एकाच अवस्थेत येतो, म्हणून ती एकच सममिती. उजवीकडे तीनदा ९० म्हणजे डावीकडे एकदा ९०, तीही एकच. आणि काहीच न करणं हीसुद्धा एक सममिती धरायची. ती वगळली तर गटच बनत नाही.

माझे ३३ इथेच आले होते. १८० अंशांची प्रत्येक फिरकी मी डावी-उजवी म्हणून दोनदा मोजली होती. आकडे पुढच्या पायरीत मांडतो, म्हणजे तुमची चूक तुम्हाला पकडता येईल.

## ३. अक्ष हाताने शोधा

घन अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. चिमटीच्या दोन टोकांतून जाणारी रेघ म्हणजे अक्ष. धरायच्या जागा तीनच प्रकारच्या आहेत.

पृष्ठाच्या मध्यातून समोरच्या पृष्ठाच्या मध्यात. फाशावर १ आणि ६ धरा. असे अक्ष ३. प्रत्येकावर ९०, १८०, २७० अशा तीन फिरक्या, म्हणजे ३ × ३ = ९.

कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. फाशाच्या समोरासमोरच्या पृष्ठांची बेरीज ७ असते, त्यामुळे १, २, ३ एका कोपऱ्यात भेटतात आणि ४, ५, ६ बरोबर त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. ते दोन कोपरे चिमटीत धरा आणि १-२-३ चा कोपरा नाकासमोर आणा. तीन पृष्ठं फुलाच्या पाकळ्यांसारखी दिसतील. १२० अंश फिरवलं की १ च्या जागी २, २ च्या जागी ३, ३ च्या जागी १ किंवा उलट. असे अक्ष ४, प्रत्येकावर दोन फिरक्या, एकूण ८.

इथे डोळा फसतो. कोपऱ्यावरून पाहिलं की घनाची बाह्यरेषा षटकोनी दिसते आणि वाटतं की ६० अंशही चालतील. चालत नाहीत. कोरा घन धरून करून बघा: त्या षटकोनाचे कोपरे एक आड एक पुढे-मागे आहेत, आणि ६० अंशांत पुढचे मागच्यांच्या जागी जातात. घनात हे कळत नसेल तर कणकेचा अष्टफलक एका त्रिकोणावर टेबलावर ठेवा. वरचा त्रिकोण खालच्याच्या बरोबर उलट्या दिशेला तोंड करून बसलेला दिसेल. एका नजरेत पटतं.

कडेच्या मध्यातून समोरच्या कडेच्या मध्यात. हे अक्ष जवळपास सगळे विसरतात, कारण चिमटीत घन असा धरायचं सहज सुचतच नाही. १२ कडांच्या ६ जोड्या, म्हणून ६ अक्ष. प्रत्येकावर फक्त १८० ची एक फिरकी. एकूण ६.

बेरीज: १ + ९ + ८ + ६ = २४.

आता माझा हिशेब: ३ × ४ = १२ (१८० दोनदा), मग ८, मग ६ × २ = १२, आणि काहीच न करण्याची १. झाले ३३.

## ४. दुसऱ्या वाटेने पडताळा घ्या

एकदा मोजलेल्या संख्येवर विश्वास ठेवू नका. फासा टेबलावर ठेवा. वर कुठलंही पृष्ठ आणता येतं: ६ पर्याय. वरचं पृष्ठ ठरल्यावर फासा भोवऱ्यासारखा फिरवून तुमच्याकडे चारपैकी कुठलंही बाजूचं पृष्ठ आणता येतं: ४ पर्याय. ६ × ४ = २४. रुबिक क्यूब सोडवणाऱ्यांच्या हातात हे मुरलेलं असतं. पांढरा वर, हिरवा समोर म्हटलं की क्यूब कसा धरायचा ते पक्कं ठरतं.

हेच कोपऱ्यांवरून करा: ८ कोपरे, प्रत्येकाभोवती ३ फिरक्या, ८ × ३ = २४. कडांवरून: १२ × २ = २४. तिन्ही वाटा एकाच गावाला जातात. वस्तू जितक्या जागी जाऊ शकते ती संख्या, गुणिले ती जागेवर ठेवून जितक्या फिरक्या उरतात ती संख्या, बरोबर गटाचा आकार. पुस्तकात याला ऑर्बिट-स्टॅबिलायझर प्रमेय म्हणतात. म्हणजे घनाच्या सममितींच्या संख्येला ६ ने, ८ ने आणि १२ ने भाग जायलाच हवा. ३३ ला यातल्या एकानेही जात नाही. सर एवढंच सुचवत होते.

## ५. अष्टफलक घनाच्या पोटात बसवा

घनाच्या सहा पृष्ठांच्या मध्यबिंदूंवर सहा कणकेच्या गोळ्या आहेत अशी कल्पना करा. शेजारशेजारच्या पृष्ठांचे मध्य जोडले की आत अष्टफलक तयार होतो. बाहेरचा घन फिरवला की आतला अष्टफलक सोबत फिरतो. घन स्वतःवर बसला की अष्टफलकही बसतो, आणि उलटंही खरंच.

म्हणून अष्टफलकासाठी वेगळं काही पाठ करायचं नाही. घनाचं पृष्ठ म्हणजे अष्टफलकाचा शिरोबिंदू, घनाचा कोपरा म्हणजे अष्टफलकाचा त्रिकोण, आणि कड ती कडच, फक्त आडवी झालेली. दोन्हीकडे बारा. गटाला अष्टफलकी गट म्हणतात आणि खूण म्हणून इंग्रजी "ओ" लिहितात. घनाचं नाव मागे पडलं एवढंच.

मी विद्यार्थ्यांना एकच युक्ती सांगतो: एका वस्तूत अडलात की दुसरी हातात घ्या. १२० ची फिरकी अष्टफलकात सोपी दिसते. खाली येणारे कर्ण मात्र घनातच बघावेत.

## ६. चार कर्ण, चार टिकल्या

हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे, घाई करू नका.

कोऱ्या घनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एकाच रंगाच्या टिकल्या लावा. चार कर्ण, चार रंग: लाल, हिरवा, काळा, सोनेरी. घन फिरवला की हे चार रंग आपापसांत जागा बदलतात. प्रत्येक फिरकीने कुठला रंग कुठल्या जागी गेला ते वहीत लिहा. चार वस्तूंच्या अदलाबदली २४ असतात आणि फिरक्याही २४. प्रश्न असा की प्रत्येक अदलाबदल खरंच एकदाच येते का?

९० अंशांच्या ६ फिरक्यांत चारही रंग साखळीने पुढे सरकतात. पृष्ठ-अक्षावरच्या १८० च्या ३ फिरक्यांत रंगांच्या दोन जोड्या आपापसांत बदलतात. १२० च्या ८ फिरक्यांत एक रंग जागेवर राहतो (तुम्ही चिमटीत धरलाय तोच) आणि बाकी तीन फेर धरतात.

उरल्या कडांच्या ६. समजा तुम्ही धरलेल्या कडेच्या दोन टोकांना लाल आणि हिरवी टिकली आहे. १८० फिरवा. लाल हिरव्याच्या जागी, हिरवा लालच्या जागी. काळा आणि सोनेरी? ते कर्ण त्या अक्षाला काटकोनात आहेत, त्यामुळे प्रत्येक कर्ण टोकं बदलून स्वतःवरच येतो. रंगांच्या दृष्टीने ते हललेच नाहीत. म्हणजे ही फिरकी फक्त दोन रंगांची अदलाबदल करते. कुठल्याही दोन रंगांची अदलाबदल करता आली की त्या जोडत जोडत सगळ्या २४ मिळवता येतात. फिरक्या २४च, त्यामुळे प्रत्येक अदलाबदल बरोबर एकदा येते.

तर घनाच्या फिरक्यांचा गट म्हणजे चार वस्तूंच्या अदलाबदलींचा गट, पुस्तकी नाव एस-४. पहिल्यांदा वाचताना मला हे तोंडावर फेकलेल्या निकालासारखं वाटलं होतं. टिकल्या लावल्यावर पटलं.

तेवढ्यात आणखी एक करून बघा. रंग विसरा आणि फक्त तीन पृष्ठ-अक्ष कसे जागा बदलतात ते पाहा. तीन वस्तूंच्या अदलाबदली ६ असतात, म्हणून प्रत्येक अदलाबदल चार-चार फिरक्यांमधून येते. तिन्ही अक्ष जागेवर ठेवणाऱ्या चार फिरक्या कुठल्या? काहीच न करणं आणि १८० च्या त्या तीन. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाच्या नावाचा चौघांचा उपगट तो हाच.

## ७. दोन फिरक्या जोडताना

फासा घ्या, १ वर, २ तुमच्याकडे. खोलीचा उभा अक्ष धरून उजवीकडे ९०, मग तुमच्यापासून समोर जाणाऱ्या अक्षावर उजवीकडे ९०. कुठले आकडे कुठे आले ते लिहा. पुन्हा सुरुवातीला येऊन क्रम उलटा करा. उत्तर वेगळं येईल. दोन्ही वेळा एकंदर फिरकी १२० ची निघते, पण वेगवेगळ्या कर्णांवरची.

गोंधळ इथे होतो तो वेगळाच. अक्ष खोलीला बांधलेले आहेत की फाशाला? पहिल्या फिरकीनंतर "१ चा अक्ष" म्हणालात आणि मनात "उभा अक्ष" असेल, तर तुमचा आणि पुस्तकाचा गुणाकार (फिरक्या एकापाठोपाठ करणं म्हणजेच गुणाकार) जुळणार नाही. मी कायम खोलीचे अक्ष धरतो. तुम्ही काहीही धरा, मध्ये बदलू नका.

## ८. आरसा आणा: २४ वरून ४८

हाताने करता येत नाहीत अशाही सममिती आहेत. घन मधोमध कापून अर्ध्या भागापाशी आरसा धरला तर पूर्ण घन दिसतो. अशी आरसा-प्रतलं किती? पृष्ठांना समांतर ३, आणि समोरासमोरच्या दोन कडांतून तिरकी जाणारी ६. एकूण ९.

२४ + ९ = ३३. पुन्हा तोच आकडा! आणि पुन्हा चूक. आरसा आणि फिरकी एकापाठोपाठ केल्यावर मिळणाऱ्या, पण स्वतः ना फिरकी ना साधा आरसा अशा सममिती यात आल्याच नाहीत.

त्या शोधायची खात्रीची पद्धत अशी. प्रत्येक बिंदू केंद्रातून आरपार समोर न्यायचा, ही क्रिया घ्या. तिला केंद्र-व्युत्क्रम म्हणू. घनात प्रत्येक कोपऱ्याला समोर जोडीदार आहे, म्हणून ही सममिती आहेच. आता प्रत्येक फिरकीला ती जोडा:

- काहीच न करणं → केंद्र-व्युत्क्रम स्वतः: १
- पृष्ठ-अक्षावर १८० → पृष्ठांना समांतर आरसा: ३
- कड-अक्षावर १८० → तिरका आरसा: ६
- ९० च्या फिरक्या → ९० फिरवून मग आडवा (त्या अक्षाला काटकोनात धरलेला) आरसा: ६
- १२० च्या फिरक्या → ६० फिरवून मग आडवा आरसा: ८

बेरीज २४. फिरक्यांचे २४ मिळवले की ४८. शेवटची ओळ पाहा: षटकोनी बाह्यरेषेत जे ६० अंश आपण नाकारले होते ते इथे आरशाला सोबत घेऊन परत आले.

पूर्ण गटाला "ओ-एच" म्हणतात. यात एक खाच आहे. केंद्र-व्युत्क्रमाने चारही कर्ण स्वतःवरच येतात, टिकल्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून "चार कर्णांच्या अदलाबदली" हे वर्णन फक्त फिरक्यांना लागू होतं. पूर्ण ओ-एच म्हणजे एस-४ आणि दोन घटकांचा एक गट यांचा गुणाकार: प्रत्येक फिरकी एकदा नुसती, एकदा केंद्र-व्युत्क्रमासह.

मॅट्रिक्स आवडणाऱ्यांसाठी याहून सोपी वाट आहे. घनाचे कोपरे (±१, ±१, ±१) घ्या आणि अष्टफलकाचे शिरोबिंदू (±१, ०, ०), (०, ±१, ०), (०, ०, ±१). सममिती म्हणजे तीन निर्देशकांची अदलाबदल आणि हवी ती चिन्हं बदलणं. अदलाबदली ६, चिन्हांचे पर्याय ८, ६ × ८ = ४८. ज्यांचा निश्चयक +१ त्या २४ फिरक्या, −१ वाल्या बाकीच्या. परीक्षेत वेळ कमी असेल तर हीच वाट धरा. पण हिच्यापासून सुरुवात केलीत तर अक्ष कधीच दिसणार नाहीत.

हातांनी न होणाऱ्या सममिती म्हणजे काय हे पाहायचं असेल तर दोन संचांतले फासे शेजारी ठेवा. १-२-३ चा कोपरा समोर धरून १ कडून २ कडे, २ कडून ३ कडे बोट फिरवा. काही फाशांवर ते घड्याळाच्या दिशेने जातं, काहींवर उलट. दोन्हींत समोरासमोरची बेरीज ७च, पण एक फासा दुसऱ्यासारखा करायला कितीही फिरवला तरी जमत नाही, आरसाच लागतो. ७ चा नियम पाळणारे फासे एवढे दोनच प्रकारचे.

## ९. चोवीस म्हटलं की ओ असं समजू नका

घनाचे एक आड एक चार कोपरे जोडा: चार त्रिकोणांचा चतुष्फलक मिळेल. उरलेले चार जोडा: दुसरा. घनाच्या ज्या फिरक्या पहिल्या चतुष्फलकाला स्वतःवरच ठेवतात त्या १२. त्यांना त्याच चतुष्फलकाचे आरसे जोडले की २४ होतात. या गटाला टी-डी म्हणतात आणि गंमत म्हणजे तोही एस-४ च आहे, यावेळी चार कोपऱ्यांच्या अदलाबदलींचा. आतल्या गुणाकाराच्या दृष्टीने टी-डी आणि ओ सारखेच, पण एकात आरसे आहेत आणि दुसऱ्यात एकही नाही. मिथेनचा रेणू टी-डी आहे, सल्फर हेक्झाफ्लोराइडचा ओ-एच. पेपरात "२४ घटक, म्हणून ओ" असं लिहून मार्क घालवलेले मी बरेच पाहिलेत.

२४ घटकांचा तिसरा भाऊ म्हणजे त्या १२ फिरक्या आणि केंद्र-व्युत्क्रम. नाव टी-एच. त्याच्यात ९० ची फिरकी नाही. पायराइट या खनिजाच्या घनाकार स्फटिकावर बारीक समांतर रेघा असतात आणि शेजारच्या पृष्ठावरच्या रेघा त्यांना काटकोनात जातात. ९० अंश फिरवलंत की रेघा आडव्याच्या उभ्या होतात, म्हणजे फिरवल्याचं पकडलं जातं. १२० मध्ये मात्र सगळ्या जुळतात.

तुरटीचं उदाहरण घरात करता येतं. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवा, गाळा, आणि झाकून निवत ठेवा. तळाशी आलेल्या खड्यांतला एक नीटस खडा दोऱ्याला बांधून त्याच, आता गार झालेल्या द्रावणात लोंबकळत ठेवा. पाणी हळूहळू उडेल तसा तो वाढतो आणि अष्टफलकाची आठ त्रिकोणी पृष्ठं दिसायला लागतात. (द्रावण कोमट असताना खडा सोडलात तर तो विरघळून दोरा रिकामा मिळेल. मला दोनदा मिळालाय.) बाहेरून पाहिलं तर ४८ सममितींचा अष्टफलक. पण पोटॅशच्या तुरटीत अणूंची आतली मांडणी टी-एच इतकीच सममित आहे, निम्मी. मिठात तसं नाही: त्याचे घनाकार कण आतूनही ओ-एचच आहेत.

## १०. मोजणीला लावा

घनाची सहा पृष्ठं काळ्या आणि पांढऱ्या रंगांनी रंगवायची. फिरवून सारखे होणारे एकच धरले तर वेगळे घन किती? प्रत्येक फिरकीने न बदलणाऱ्या रंगवण्या मोजा आणि सरासरी काढा:

काहीच न करणं ६४. ९० च्या ६ फिरक्या प्रत्येकी ८, म्हणजे ४८. पृष्ठ-अक्षावर १८० च्या ३ प्रत्येकी १६, म्हणजे ४८. १२० च्या ८ प्रत्येकी ४, म्हणजे ३२. कडांच्या ६ प्रत्येकी ८, म्हणजे ४८. एकूण २४०, भागिले २४, उत्तर १०.

याला बर्नसाइडचं प्रमेय म्हणतात. बर्नसाइडचं पुस्तक १८९७ चं, पण फ्रोबेनियसने ते १८८७ मध्ये दिलं होतं आणि कल्पना त्याआधी कोशीकडे होती. नाव चिकटलं ते चिकटलं.

अष्टफलकाच्या सहा शिरोबिंदूंना दोन रंग दिले तरी उत्तर १०च, वेगळं मोजायची गरज नाही. सहाही पृष्ठांना सहा वेगळे रंग दिले तर ७२० भागिले २४, म्हणजे ३०. सरावासाठी अष्टफलकाचे आठ त्रिकोण दोन रंगांत रंगवा. २३ आले पाहिजेत. नाही आले तर कड-अक्षांवर एकही त्रिकोण जागेवर राहत नाही हे विसरलात का ते बघा.

रुबिक क्यूबचं नाव वर आलं म्हणून सांगतो: त्याचे थर फिरवून मिळणाऱ्या अवस्थांचा गट हा पूर्णपणे वेगळा प्राणी आहे, त्याचा आकार २० अंकी आहे. आपण बोलतोय ते अख्खा क्यूब हातात फिरवण्याबद्दल.

## ११. शेवटचा सराव: आकाशकंदील

बांबूच्या काड्यांचे सहा चौकोन टोकाला टोक जोडून केलेला कंदील असेल तर माळ्यावरून काढा. सहा चौकोन आणि त्यांच्या मधल्या आठ जागी त्रिकोण. सहा आणि आठ हे आकडे ओळखीचे वाटतील: सहा चौकोन घनाच्या पृष्ठांच्या जागी, आठ त्रिकोण अष्टफलकाच्या पृष्ठांच्या जागी. घनाचे कोपरे कडांच्या मध्यापर्यंत छाटले की हाच आकार मिळतो, अष्टफलकाचे छाटले तरीही हाच. कडा मात्र २४ आहेत, शिरोबिंदू १२.

नुसता सांगाडा असेल तर सममिती ४८. आता खालच्या चौकोनाला चारही बाजूंनी सारख्या झिरमिळ्या लावा. खाली-वर हा भेद आला, आणि खालचा चौकोन जागेवर ठेवणाऱ्याच सममिती उरल्या. सहा चौकोनांपैकी एक पक्का केला, म्हणून ४८ भागिले ६, म्हणजे ८: उभ्या अक्षावरच्या चार आणि उभे आरसे चार. मग एका बाजूच्या त्रिकोणावर सोनेरी कागद चिकटवा आणि उरलेल्या मोजा. दोन यायला हव्यात. दुसरी कुठली, ते आरसा धरून सापडेल.